लेगरेस्ट वर केला तरी पाय खाली येतोय? आधी बघा घसरतंय कोण

पाय वर उचलून ठेवता येणारी, म्हणजे वर होणारा लेगरेस्ट (पोटरीला आणि पावलाला आधार देणारा पुढचा भाग) असलेली व्हीलचेअर घरी आणली की पहिल्या आठवड्यातच एक तक्रार हमखास येते, पाय वर केला की थोड्या वेळाने खाली आलेला असतो. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आहे, वॉकर, कमोडची खुर्ची, एअरबेड, व्हीलचेअर असं सगळं डिपॉझिट घेऊन देतात आणि तिथल्या खुर्च्यांची डागडुजी माझ्याकडे असते, त्यामुळे हे मी सारखं ऐकतो. खुर्ची बदलून द्या म्हणतात. बदलून दिली की दुसरीही तशीच "बिघडते". मग भांडण दुकानदाराशी नाहीतर आमच्याशी नाहीतर पेशंट सांभाळायला ब्युरोकडून घरी ठेवलेल्या मावशींशी, की तुम्हीच नीट बसवत नाही.

तर पान्हा हातात घ्यायच्या आधी एक करा. पेशंटला खुर्चीत अगदी मागे टेकवून बसवा, पार्श्वभाग पाठीच्या रेक्झिनला लागलाच पाहिजे. लेगरेस्ट हवा तेवढा वर करा, आणि फूटप्लेटच्या, म्हणजे पाऊल टेकवायच्या पाटीच्या, कडेपासून जमिनीपर्यंत किती इंच आहे ते टेपने मोजून कागदावर लिहा. अर्धा तास टीव्ही बघू दे. मग परत मोजा आणि कमरेच्या मागे हात घालून बघा किती जागा झालीय. आकडा कमी झाला असेल तर लेगरेस्ट घसरतोय, खुर्चीचा दोष. आकडा तोच आहे पण कमरेमागे अख्खा पंजा आरामात जातोय तर लेगरेस्ट जागेवर आहे, माणूस पुढे घसरलाय, म्हणून गुडघा वाकलाय आणि पाय खाली आल्यासारखा दिसतोय. आणि दोन्ही ठीक आहे पण पाय पॅडवरून बाहेर पडून लटकतोय, तर तो तिसरा प्रकार. तिन्हींचे उपाय एकदम वेगळे आहेत. माझ्याकडे येणाऱ्या खुर्च्यांमधे दुसरा प्रकार जास्त असतो, म्हणजे खुर्ची चांगली असते. पण लोक उपाय मात्र पहिल्या प्रकाराचे करत बसतात.

पहिला प्रकार आधी उरकू कारण तो सोपा आहे. लेगरेस्टचं लॉक साधारण दोन तऱ्हेचं मिळतं. एक दात्यांचं, वर उचलताना खट खट असा आवाज येतो आणि खाली आणायला बाजूचा लिव्हर दाबायला लागतो. दुसरं बिनदात्यांचं, आत एक दांडी असते आणि तिच्यावर पकड बसते, सायकलच्या सीटची दांडी क्लॅम्पमधे आवळतात तसं, हे कुठेही थांबतं, आवाज येत नाही. तुमचं कुठलं ते कान लावून ठरवा. कारण दोघांचं औषध उलटं आहे.

दात्यांचं असेल तर बऱ्याच वेळा दाता पूर्ण बसलेलाच नसतो. वर उचलताना आपण लिव्हर दाबून धरतो आणि मधेच सोडतो, खिट्टी दोन दात्यांच्या टोकावर अडकून राहते, मग पेशंटने जरा पाय हलवला की सटकन एक घर खाली. सवय अशी लावा की लेगरेस्ट वर केल्यावर लिव्हर पूर्ण सोडायचा आणि पेशंटचा पाय ठेवायच्या आधी आपल्या हाताने लेगरेस्ट एकदा खाली दाबायचा. खट्ट आवाज येऊन बसला की मग पाय ठेवा. तरीही घसरत असेल तर आत केस, धूळ, टाल्कम पावडरचा थर जमलेला असतो, हे पावडरचं प्रकरण खूप बघतो मी, पेशंटला पावडर लावतात ती सगळी खाली झिरपते. जुना टूथब्रश आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल घेऊन दाते घासून काढा, पुसून कोरडं करा, फिरतो त्या सांध्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. स्प्रिंग ढिली पडली असेल तर ती मिळते. दाते गोल झिजले असतील तर मात्र अख्खा भागच बदला, कानशीने घासून परत दाते पाडायला जाऊ नका, आठवडाभर टिकतं आणि मग नेमका पाय वर असतानाच सुटतं.

बिनदात्यांच्या लॉकला तेल घालायचं नाही. अजिबात नाही. तिथे सगळा खेळ घर्षणाचा आहे आणि घरातला कोणीतरी उत्साही माणूस कुरकुरतंय म्हणून स्प्रेवालं तेल मारतो आणि दुसऱ्या दिवसापासून लेगरेस्ट लोण्यातून सरकल्यागत खाली येतो. असं झालं असेल तर दांडी भांड्याच्या साबणाच्या पाण्याने दोनतीनदा पुसा, कोरड्या फडक्याने चकचकीत करा, पूर्ण वाळू द्या आणि मग पकडीचा बोल्ट थोडा आवळा. इथे रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकटपणा मागे राहतो.

आणखी एक जागा बघायची ती म्हणजे वरची बिजागरी, जिथे लेगरेस्ट खुर्चीच्या पाइपवर दोन खुंट्यांवर अडकवतात आणि बाजूला फिरवता येतो. तिथे एक खटका असतो तो पूर्ण बसला नाही की लेगरेस्ट खाली येत नाही पण बाहेरच्या बाजूला फिरतो, पाय तिरका जातो आणि पेशंट ओरडतो. नट सारखे ढिले होत असतील तर साधे नट काढून आत नायलॉनची रिंग असलेले नट टाका, हार्डवेअरच्या दुकानात नायलॉक नट म्हणून मागा.

लोक जुगाड काय करतात, ओढणीने किंवा नायलॉनच्या दोरीने लेगरेस्ट आर्मरेस्टला बांधतात. नका करू. बऱ्याच खुर्च्यांचे आर्मरेस्ट काढता येणारे असतात, भार आला की तोच उचकटून बाहेर येतो, शिवाय पेशंटला उलटी झाली, चक्कर आली, पटकन आडवं करायचं झालं तर गाठ सोडेपर्यंत घाम फुटतो. वेल्डिंगही नको, पाइप पातळ असतो, क्रोम जळतं, आतली स्प्रिंग मरते आणि मग तो पाय कायमचा एकाच कोनात.

लेगरेस्टचं लॉक मुळात बिघडतं कशामुळे तर दोन गोष्टींमुळे. उठताना पेशंट फूटप्लेटवर उभा राहतो, अख्ख्या शरीराचं वजन त्या खिट्टीवर येतं आणि खुर्ची पुढे कलंडते ते वेगळंच. उठायच्या आधी फूटप्लेट वर दुमडायची, लेगरेस्ट बाजूला फिरवायचा, पाय जमिनीवर, दोन्ही ब्रेक लावलेले, मगच उठायचं. आणि दुसरं, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे चार जण खुर्ची उचलून जिना उतरतात तेव्हा पुढचे दोघे लेगरेस्टला धरतात. लेगरेस्ट हा निघणारा भाग आहे हो! जिन्यात मधेच तो हातात आला तर काय होईल याचा विचार करा. पुढून धरायचं असेल तर सीटखालच्या पक्क्या फ्रेमला धरा, लेगरेस्ट आधीच काढून वेगळे कोणाच्या तरी हातात द्या, आणि ज्याला प्लास्टर आहे त्याचा पाय धरायला एक स्वतंत्र माणूस ठेवा.

आता मुख्य दुखणं, माणूस घसरणं.

हे कळायला एक प्रयोग स्वतःवर करा. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत पाठ ताठ टेकवून बसा आणि दोन्ही पाय गुडघ्यात पूर्ण सरळ करून समोर धरा. मांडीच्या मागे ओढ बसेल आणि कंबर आपोआप गोल होऊन पुढे सरकायला लागेल. मांडीमागचे स्नायू बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली चिकटलेले असतात, म्हणजे कंबर काटकोनात वाकलेली असताना गुडघा सरळ केला की ते दोन्ही टोकांना ताणले जातात, आणि आखडलेले असतील तर कुठूनतरी सूट घेतात, ती सूट घेतात कमरेतून. आता महिनाभर अंथरुणाला खिळलेले आजोबा, त्यांचे स्नायू किती आखडलेले असतील. त्यांचा पाय तुम्ही "डॉक्टरांनी वर ठेवायला सांगितलाय" म्हणून पूर्ण आडवा केलात की ते पुढे सरकणारच. परत वर ओढून बसवलं की परत सरकणार. आणि प्रत्येक वेळी सरकताना माकडहाडापाशी कातडी घासते, तिथे पहिला लालसर डाग दिसतो, दाबला तरी पांढरा होत नाही, तो बेडसोअर सुरू झालाय.

म्हणून पाय किती वर करायचा याचा आकडा डॉक्टर किंवा फिजिओकडून घ्या, नुसतं "वर" म्हणजे किती ते विचारा. गुडघा वाकवायला बंदी नसेल तर पूर्ण आडवा करायची गरज बहुतेक वेळा नसते, कंबर सुटायला लागते त्याच्या थोडं खाली थांबवायचं. बंदी असेल, म्हणजे मांडीपर्यंत प्लास्टर आहे किंवा गुडघ्याला लांब ब्रेस आहे, तर दुसरं टोक सैल करायला लागतं, म्हणजे पाठ मागे झुकवायची. त्यासाठी पाठ मागे जाणारी, उंच पाठीची रिक्लायनिंग खुर्ची लागते. नुसता उचलणारा लेगरेस्ट आणि पाठ मात्र ताठ अशी खुर्ची प्लास्टरवाल्याला दिली की त्याचे हाल होतात, आणि दुकानात नेमकी तीच खपवतात कारण ती स्वस्त पडते. पाठ मागे केल्यावर एक छोटं काम करा, पेशंटला खांद्याला धरून क्षणभर पाठीपासून पुढे घ्या आणि परत टेकवा, पाठीची कातडी आणि कपडे जे ओढले गेलेले असतात ते मोकळे होतात.

दुसरं कारण सीटची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतचं माप. बाजारात आपल्याकडे अठरा इंच रुंद सीटची खुर्ची सरसकट मिळते, खोली सोळा-सतरा इंच, आणि आपल्या आज्या असतात पावणेपाच फुटी. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची लवण यांच्यात दोनतीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. कड लवणीत रुतत असेल तर माणूस गुडघा वाकवायला जागा मिळावी म्हणून स्वतःच पुढे सरकतो, कोणी कितीही मागे ओढा. यावर स्वस्त उपाय म्हणजे पाठीमागे घट्ट फोमची पाटी लावणे, मऊ उशी नको, ती दबते आणि एक कोपरा वर येऊन बसते.

तिसरं, झोळ पडलेली सीट. घडीच्या खुर्चीला खाली कापड किंवा रेक्झिनच असतं, वर्षभरात त्याची झोळी होते, मांड्या एकमेकींकडे येतात, एक कुल्ला खाली एक वर. अर्धा इंचाचा प्लायवूड सीटच्या मापाचा कापून कडा घासून त्यावर दोनतीन इंचाचं कुशन ठेवा, फरक लगेच दिसतो. घडी घालताना प्लाय काढायला लागतो एवढाच त्रास. पण लक्षात ठेवा, कुशनमुळे बसायची उंची वाढली की पाय फूटप्लेटला पोचत नाहीत, लोंबकळतात आणि लोंबकळणारा पाय माणसाला पुढे ओढतो. कुशन दोन इंच आलं तर फूटप्लेटही तेवढीच वर घ्या. फूटप्लेटच्या दांडीला भोकं किंवा बोल्ट असतो, कोणी हातच लावत नाही त्याला, फॅक्टरीतून आली तशी वापरतात.

लांबीचं आणखी एक आहे आणि हे दुकानदारालाही बऱ्याचदा माहीत नसतं. साधा उचलणारा लेगरेस्ट ज्या बिजागरीवर फिरतो ती बिजागरी आपल्या गुडघ्याच्या सांध्याच्या खाली असते. त्यामुळे वर करताना फूटप्लेट पायाच्या मानाने जवळ येत जाते, तळपायाला ढकलते, गुडघा वर उचलला जातो आणि मांडी सीटपासून सुटते, सगळा भार मागे माकडहाडावर. तपासायचं कसं, पाय वर केल्यावर मांडीखाली हात सरकवून बघा, मांडी सीटला टेकलेली पाहिजे. टेकत नसेल तर पाय वर असतानाच फूटप्लेटची लांबी वाढवा. मग खाली आणताना ती जमिनीला घासेल, जमिनीपासून किमान दोन इंच तरी वर राहायला हवी, नाहीतर उंबरठ्याला आपटून खुर्ची जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे जातो. चांगल्या लेगरेस्टमधे ही लांबी वर होताना आपोआप वाढते. दुकानात एका हाताने लेगरेस्ट वर करा आणि बघा दांडी बाहेर सरकते का, सरकत असेल तर ते वरचं मॉडेल, महाग असतं पण ज्याला महिनोन्महिने बसायचंय त्याच्यासाठी पैसे तिथेच घाला. कुशन होल्डर, बाटलीची जाळी, दोन रंगांचं रेक्झिन याच्यावर नको.

घसरतो म्हणून पोटावरून चादर किंवा साडी गुंडाळून बांधणं हे फार धोक्याचं. माणूस खाली सरकला की ती चादर वर छातीवर आणि मग गळ्याशी येते. पट्टा लावायचाच असेल तर तो पोटावर नको, जांघेजवळ, मांडी आणि कंबर जिथे वाकते तिथून तिरका खाली मागे जाणारा पाहिजे, आणि तोही आधी बाकी सगळं नीट केल्यावर. मावशींना हे नीट समजावून सांगा, रागावून नाही, त्यांना आधीच्या घरी कोणीतरी चादर बांधायला शिकवलेलं असतं.

आता तिसरा प्रकार, पाय पॅडवरून बाहेर पडणे. पोटरीमागे जे गोल किंवा चपटं पॅड असतं ते पोटरीच्या मधोमध यायला हवं, गुडघ्याच्या मागे नाही आणि टाचेजवळही नाही. टाच हवेत मोकळी राहिली तर उत्तम, टाचेला जखम व्हायला वेळ लागत नाही आणि भरायला महिने लागतात, डायबेटिस असेल तर पेशंटला दुखतही नाही, तुम्हालाच रोज मोजा काढून डोळ्याने बघायला लागतं. अशक्त माणसाचा पाय बाहेरच्या बाजूला फिरतो, मग गुडघ्याच्या किंचित खाली बाहेरच्या अंगाला जे टोकेरी हाड लागतं ना, ते थेट लेगरेस्टच्या पाइपवर टेकतं. तिथे कातडीच्या अगदी खालून एक नस जाते. ती तासन् तास दबली की पाऊल वर उचलता येत नाही, चप्पल पायातून गळते, लोकांना वाटतं अशक्तपणा आहे. एक जुना टॉवेल घट्ट गुंडाळून मांडीच्या बाहेरच्या बाजूला कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंत लावा, पाय सरळ राहतो, आणि पाइपवर फोमची नळी चढवा, एसीच्या पाइपवर असते ती काळी, हार्डवेअरवाल्याकडे कापून मिळते.

गुडघा बदलायचं ऑपरेशन झालेल्यांसाठी एक, नुसत्या गुडघ्याखाली उशी घालून ठेवू नका, त्या वेळी बरं वाटतं पण गुडघा वाकडाच आखडतो आणि मग फिजिओ सरळ करताना डोळ्यांतून पाणी येतं. आधार पोटरीला आणि घोट्याच्या वर.

इतकं सगळं केल्यावर पुढचा फोन येतो, काका लेगरेस्ट जागेवर आहे, माणूस जागेवर आहे, पण सूज उतरतच नाही. नाहीच उतरणार पूर्ण. खुर्चीत बसल्यावर पाय कितीही आडवा केला तरी तो छातीच्या खालीच राहतो, आणि सूज उतरायला पाऊल हृदयाच्या वर जायला लागतं. ते फक्त आडवं पडून, पायाखाली दोन उशा घालूनच होतं. लेगरेस्टमुळे सूज वाढायचा वेग कमी होतो, तेवढंच काम आहे त्याचं. म्हणून दिवसातून काही वेळा पेशंटला बेडवर आडवं करा आणि परवानगी असेल तर घोटा वर-खाली हलवायला लावा, पोटरीचा पंप चालतो त्याने. सूज दोन्ही पायांना सारखी असेल तर औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, ब्लडप्रेशरच्या अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते हे डॉक्टरांना माहीत असतं, आपण सांगत नाही म्हणून राहून जातं. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाय किती वर करायचे ते विचारूनच करा. ज्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात त्यांना पाय वर केला की उलट दुखतं आणि खाली सोडला की बरं वाटतं, तिथेही डॉक्टर सांगतील तसंच.

आणि हे थांबायचं नाही असे प्रकार : एकच पोटरी सुजली, गरम, लाल, दाबली की दुखते, किंवा अचानक दम लागला. प्लास्टरच्या आत असह्य दुखतंय, गोळी घेऊनही कमी नाही, बोटं थंड किंवा निळसर किंवा बधिर. यात खुर्ची, उशी काही बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

नवीन घ्यायची असेल तर आता हे सगळं उलटं वाचा. पहिला प्रश्न, लागतोय का उचलणारा लेगरेस्ट? प्लास्टर, ब्रेस, गुडघा वाकत नाही, दिवसभर बसल्यावर पाय फार सुजतात, इथे लागतो. नुसतं दूर चालवत नाही, देवळापर्यंत न्यायचंय, तर साधी खुर्ची घ्या, हलकी असते, वळते. अर्धांगवायू झालेले बरेच जण चांगल्या पायाने जमीन ढकलत खुर्ची चालवतात, त्यांना हा जाडजूड लेगरेस्ट अडचणच होतो, त्या बाजूचा काढून ठेवता येतो का बघा. एकाच पायाला हवा असेल तर काही दुकानदार एक बाजू साधी एक बाजू उचलणारी अशी करून देतात, विचारायला लागतं. गुडघ्याखालून पाय कापलेला असेल तर लेगरेस्टपेक्षा सीटलाच पुढे जोडलेली सरळ फळी बरी, गुडघा सरळ राहतो.

दुकानात जाण्याआधी घर मोजा. अठरा इंची सीटची खुर्ची बाहेरून बाहेर पंचवीस-सव्वीस इंच भरते, हाताने फिरवायच्या रिंगा धरून, आणि आपल्या वन बीएचकेच्या बाथरूमचं दार चोवीस इंचीही असतं. चौकटीच्या आतून आतून मोजा, दार उघडल्यावर त्याची जाडीही आत येते ती वजा करा. माणूस बारीक असेल तर सोळा इंची मागा, शोधायला लागते पण मिळते, दोन इंच दारातही वाचतात. पाय आडवा केल्यावर खुर्चीची लांबी दीड फुटाच्या आसपास वाढते हे कोणी सांगत नाही. लिफ्टमधे पाय खाली करून जाता येईल, पण ज्याचा पाय वाकतच नाही त्याचं काय, लिफ्टची खोली मोजा आणि तिरकी बसते का बघा, आत नेताना खुर्ची उलटी न्या म्हणजे मोठी चाकं आधी जातील आणि दार बंद होताना पावलाकडे तुमचं लक्ष राहील. पॅसेज आणि बेडरूमच्या दाराचा काटकोनी वळसा हा सगळ्यात वाईट, तिथे प्लास्टरवाल्या पावलाचा अंगठा हमखास भिंतीला लागतो.

रिक्लायनिंग घेतलीत तर मोठी चाकं जरा मागे बसवलेली आहेत का आणि मागे उलटू नये म्हणून छोटी चाकं आहेत का ते बघाच, पाठ मागे टाकली की भार मागे जातो. अशी खुर्ची वीस किलोच्या वर सहज जाते, गाडीच्या डिकीत कोण उचलून टाकणार ते आधी ठरवा. आर्मरेस्ट निघणारे हवेत, पेशंटला बेडवर सरकवून नेता येतं. आणि लेगरेस्टचा लिव्हर वाकल्याशिवाय हाताला येतो का, घरातल्या ज्या माणसाला रोज करायचंय त्यालाच दुकानात करून बघायला सांगा, मुलगा दाबून बघतो आणि घरी करायचं असतं सत्तरीच्या सासूबाईंना.

सहा आठवड्यांचं प्लास्टर असेल तर विकत घेऊच नका, भाड्याने घ्या किंवा आमच्यासारख्या केंद्रातून न्या, बऱ्याच गणेश मंडळांची आणि संस्थांची अशी केंद्रं आहेत. कायमची लागणार असेल तर मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, केंद्र सरकारची, 1955 पासूनची, तिथे माणूस बघून खुर्ची कुठली ते सांगतात. प्रिन्सेस स्ट्रीटला वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत फिरून दर काढण्याआधी हे केलंत तर बरं. पैशाचं म्हणाल तर राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, 65 वर्षांवरच्यांना उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर उपकरणांसाठी एकदाच 3000 रुपये खात्यात येतात, आणि केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे, तिच्यात अलिम्को या कानपूरच्या सरकारी कंपनीच्या वस्तू कॅम्पमधे देतात. कॅम्पला गेलात तर नाव नोंदवतानाच विचारा लेगरेस्ट वर होणारी मिळेल का, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

घेताना बिलावर कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या आणि लेगरेस्टची जोडी सुटी मिळते का ते तिथेच विचारा. एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीच्या खुर्चीला बसत नाही, खुंट्यांमधलं अंतर वेगळं असतं. बदलायला जाल तेव्हा जुना लेगरेस्ट हातात घेऊन जा, फोटोवरून आणलेला बसला नाही की दुकानदार परत घेत नाही. आणि डावा उजवा वेगळा असतो हो. आमच्या केंद्रात आत्ता तीन उजवे पडून आहेत ज्यांचे डावे लोकांच्या माळ्यावर राहिलेत, खुर्ची परत आणताना माळा एकदा बघाच.